डिश स्वतः बसवायची की मेकॅनिक बोलवायचा? आधी छताजवळून गेलेली तार बघा

प्रताप नगर (नागपूर) : प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला हा नागपूरचा नैऋत्येकडचा भाग. जुनी स्वतंत्र घरं, त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीम आणि वरच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारी तालुक्यातली मुलं. उमरेड, काटोल, कुही, भिवापूर, नरखेड, रामटेक इकडून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अनेकांच्या घरी टीव्हीची छत्री बसवायचं काम शेवटी याच मुलांकडे येतं. सीताबर्डीतून डिश आणि डबा घ्यायचा, शनिवारी एसटीने गावी न्यायचा आणि रविवारी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसवायचा.

हे काम स्वतः करता येतं का? येतं. डीडी फ्री डिशची छत्री बसवायला फार मोठं शिक्षण लागत नाही. पण मेकॅनिकचे पैसे वाचवायला निघालेला माणूस कुठे चढतो आणि त्याच्या डोक्यावर काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून आधी जागा ठरवायची आणि मग माणूस ठरवायचा.

उंची अँटेनाला लागायची, डिशला लागत नाही

जुन्या लोकांना आठवत असेल, दूरदर्शनचा काड्यांचा अँटेना जितका उंच तितकं चित्र साफ. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या दिशेला तोंड करून लोक वीस-वीस फुटांचे पाइप उभे करायचे. एक जण वर पाइप फिरवायचा, दुसरा अंगणातून ओरडायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ ते बरोबरच होतं, कारण सिग्नल जमिनीवरच्या टॉवरवरून यायचा. मध्ये झाड, घर, टेकडी आली की चित्र मुंग्या-मुंग्या व्हायचं.

तो काळ संपला. प्रसार भारतीने 2021 मध्ये जाहीर केलं की मोजक्या ठिकाणचे सोडून दूरदर्शनचे जुने ॲनालॉग टॉवर मार्च 2022 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील. त्यामुळे गावात तो जुना अँटेना दुरुस्त करण्यात आता अर्थ नाही.

डिशचा सिग्नल आकाशातून येतो. डीडी फ्री डिश ही सेवा 16 डिसेंबर 2004 ला ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आज ती जीसॅट-15 या उपग्रहावरून चालते. हा उपग्रह नोव्हेंबर 2015 मध्ये सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर तो आपल्याला एका जागी थांबल्यासारखा दिसतो.

नागपूरहून बघितलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर आहे. म्हणजे जवळजवळ डोक्याकडे. इतक्या वरून सिग्नल येत असल्यामुळे छत्रीला उंच खांब लागतच नाही. तिला आग्नेयेकडचं मोकळं आकाश हवं. हिशोब सोपा आहे. छत्रीपासून 10 फुटांवर आग्नेयेला भिंत किंवा झाड असेल, तर ते छत्रीपेक्षा साधारण 17 फूट उंच असलं तरी कडेने सिग्नल मिळतो. थोडी सूट ठेवून 12-15 फूट धरा. प्रताप नगरसारख्या दाट वस्तीतही शेजारच्या इमारतीपासून जरा मागे सरकलं की जागा सापडते. गावात तर अंगण, गोठ्याची पक्की भिंत, संडास-बाथरूमचा छोटा स्लॅब, ओट्याशेजारचा खांब, काहीही चालतं.

बहुतेक लोक मात्र जुन्या सवयीने छत्री घराच्या सगळ्यात उंच टोकावर नेतात. धोका तिथेच आहे. कवेलू फुटतात, टिन वाकतं, पाय घसरतो आणि विजेची तार जवळ येते.

नियम छतासाठी आहे, हातातल्या पाइपसाठी नाही

विद्युत सुरक्षा नियमांनुसार साध्या घरगुती पुरवठ्याची लाईन इमारतीपासून बाजूने किमान 1.2 मीटर (सुमारे 4 फूट) आणि छताच्या वर किमान 2.5 मीटर (सुमारे 8 फूट) असावी लागते. 11 केव्हीच्या लाईनसाठी बाजूचं अंतर 1.2 मीटर आणि वरचं 3.7 मीटर, म्हणजे सुमारे 12 फूट.

आता हातात दहा फुटांचा जीआय पाइप घ्या. कमरेच्या उंचीवर धरून तो उभा केला की टोक 12-13 फुटांवर जातं. आडवा धरून वळलात की चार फूट कुठच्या कुठे संपतात. म्हणजे लाईन अगदी नियमात असली तरी पाइप तारेला लागू शकतो. आणि सगळीकडे लाईन नियमात असतेच असं नाही. आधी लाईन गेली, मग घर वाढलं, वर एक खोली चढली, गॅलरी बाहेर निघाली, असं शहरातही झालं आहे आणि गावातही. 2017 मध्ये नागपुरात घराजवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीमुळे मुलांचे जीव गेल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, 11 केव्हीच्या तारेवर बाहेरून रबर नसतं, ती उघडी असते. तिला पाइप टेकलाच पाहिजे असं नाही, अगदी जवळ गेला तरी वीज उडी मारू शकते. दुसरी, ‘लाईट गेली आहे, पटकन करून घेऊ’ हा विचार घातक आहे. घरातली लाईट गेली म्हणजे खांबावरची तार मेली असं होत नाही, आणि वीज कधी परत येईल याचा नेम नसतो.

जागा निवडताना साधा नियम पाळा. पाइप आणि छत्री मिळून जितकी लांबी, त्याच्या दुप्पट अंतरात कुठलीही तार नको. पाइप हातातून सुटून कुठल्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोहोचायला नको. तेवढी जागा नसेल तर तिथे छत्री लावायचीच नाही. स्वतःही नाही आणि मेकॅनिककडूनही नाही. मेकॅनिक बोलावला म्हणजे वीज त्याला सोडून देते असं नाही. ‘तुम्ही रोज करता, तुम्हाला काय होतं’ असं म्हणून कुणालाही लाईनजवळ चढवू नका.

स्वतः बसवायची असेल तर

जागा हाताच्या उंचीवर किंवा कठडा असलेल्या पक्क्या स्लॅबवर आहे, आसपास तार नाही, आणि मदतीला एक माणूस आहे. एवढं असेल तर काम घरीच करता येतं.

1. खांब सरळ लावा. ओळंबा किंवा लेव्हल पट्टी लावून बघा. खांब तिरपा असेल तर पुढची सगळी मापं चुकतात. भिंतीत अँकर बोल्ट पक्के बसले पाहिजेत. मातीच्या भिंतीत किंवा विटांच्या सांध्यात बोल्ट धरत नाही. पहिल्या वादळात छत्री खाली येते.

2. दिशा ठरवा. नागपूर जिल्ह्यात कुठेही असाल तरी मोबाइलच्या होकायंत्रावर साधारण 144 ते 145 अंश ही दिशा धरा. म्हणजे आग्नेयेपेक्षा किंचित दक्षिणेकडे. मात्र होकायंत्र लोखंडी पाइप, टिनाचं छत किंवा मोटारसायकलजवळ खोटं बोलतं. चार-पाच पावलं दूर उभं राहून दिशा बघा आणि त्या रेषेत एखादी खूण ठरवून घ्या.

3. उंचीचा कोन लावा. छत्रीच्या मागच्या पट्टीवर आकडे असतात, तिथे 60 च्या आसपास लावा. छत्रीचं तोंड मात्र त्यापेक्षा खाली बघतंय असं दिसेल. घाबरू नका. या छत्रीची बनावट तशीच असते. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि ती दिसते त्यापेक्षा वरचा सिग्नल पकडते.

4. वायर जोडताना डबा बंद ठेवा. एलएनबीला लागणारी वीज डब्यातूनच त्याच वायरने वर जाते. चालू डब्यावर जोडणी करताना आतली तार बाहेरच्या जाळीला लागली तर डबा खराब होऊ शकतो. वायर आरजी-6 जातीची घ्या आणि शक्यतो अखंड ठेवा. मध्ये पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात पाणी पितो. एलएनबीजवळ वायरीला खाली लोंबणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी त्या वळशातून गळून जाईल आणि पिनेत शिरणार नाही.

5. ‘क्वालिटी’ बघा. डब्याच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी एवढंच सांगते की एलएनबी आणि वायर जिवंत आहेत. छत्री भिंतीकडे असली तरी ती भरलेली दिसू शकते. खरी पट्टी ‘क्वालिटी’ची. छत्री अगदी हळू, बोटभर हलवून दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पट्टी बघायची. आधी डावी-उजवी, मग वर-खाली, शेवटी एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून.

इथे घाई नडते. दोन फुटांच्या छत्रीचा वरचा काठ खालच्या काठाच्या हिशोबाने एक सेंटीमीटर पुढे-मागे झाला की कोन जवळपास एका अंशाने बदलतो. दीड अंश हुकला की सिग्नल निम्म्यावर येतो. नट घट्ट करतानाही छत्री सरकते. म्हणून सगळे नट थोडे-थोडे, आलटून पालटून आवळा आणि आवळताना पट्टीवर नजर ठेवा.

6. चित्र आलं म्हणजे काम झालं असं नाही. उन्हाळ्यात निरभ्र आकाशात कमी क्वालिटीवरही चित्र दिसतं. जुलैच्या जोरदार पावसात तेच जातं, कारण या लहरी दाट पावसात अडतात. क्वालिटी जास्तीत जास्त जिथे मिळते तिथेच छत्री कसा. मग ऑइल पेंटने खांबावर आणि पट्टीवर खूण करून ठेवा. वाऱ्याने किंवा वानराने छत्री हलवली तर खुणेवर परत आणता येते. रामटेकसारख्या वानरांच्या गावात तर ही खूण हवीच.

शेजारच्याची छत्री बघून लावू नका

प्रताप नगरच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं तर छत्र्या वेगवेगळ्या दिशेला दिसतील. कारण प्रत्येक सेवेचा उपग्रह वेगळा आहे. टाटा प्लेची छत्री नागपुरातून जवळजवळ दक्षिणेकडे बघते, एअरटेलची बरीच पूर्वेकडे आणि फ्री डिशची या दोघांच्या मध्ये. डिश टीव्हीचा उपग्रह 95 अंशांवर आहे, म्हणजे फ्री डिशच्या अगदी शेजारी. त्यामुळे फ्री डिश शोधताना चुकून तोच सिग्नल पकडला जाऊ शकतो, आणि मग पट्टी हलते पण चॅनल येत नाहीत. अशा वेळी छत्री केसभर पश्चिमेकडे सरकवून पुन्हा शोधायचं. नक्कल करायचीच असेल तर ज्याच्याकडे फ्री डिश चालू आहे त्याच्याच छत्रीची करा.

उपग्रहाची जागा डोळ्यांनी बघायची असेल तर वर्षातून दोनदा संधी मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी 11 च्या सुमारास, सूर्य बरोबर त्याच ठिकाणी येतो. तेव्हा सूर्याकडे थेट न बघता सावली बघा. ज्या जागी ऊन पडलं ती जागा छत्रीला चालेल. ज्या जागी झाडाची किंवा इमारतीची सावली आहे ती चालणार नाही. त्याच दिवसांत चालू असलेल्या छत्रीचं चित्र काही मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं. सूर्य उपग्रहाच्या मागे आल्यामुळे असं होतं. त्यासाठी नट सैल करू नका आणि मेकॅनिकही बोलवू नका.

मेकॅनिक कधी बोलवायचा

छत कवेलूचं, टिनाचं किंवा सिमेंटच्या पत्र्याचं असेल आणि दुसरी जागाच नसेल तर. उंच शिडी लावावी लागत असेल तर. घरी कामाच्या वेळी दुसरं कुणी नसेल तर. एकाच छत्रीवरून दोन-तीन घरांना जोडणी द्यायची असेल तर. आणि तासभर शोधूनही क्वालिटीची पट्टी हलत नसेल तर. मेकॅनिककडे सिग्नल मोजायचं छोटं मीटर असतं. जे तुम्ही खालून ओरडत तासभर करता ते तो काही मिनिटांत करतो.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर गच्चीवर खिळा ठोकण्याआधी घरमालकाला किंवा सोसायटीला विचारा. स्लॅबला पाडलेल्या भोकातून पाणी झिरपलं तर छत्रीपेक्षा दुरुस्ती महाग पडते. भिंत न फोडता सिमेंटच्या जड ठोकळ्यात बसवलेला खांबही चालतो, पण तो वाऱ्याने ढकलला जाणार नाही इतका जड हवा.

मेकॅनिकशी आधीच बोलून घ्या. मजुरी किती, त्यात पाइप, वायर, बोल्ट धरले आहेत का, आणि आठ दिवसांत सिग्नल गेला तर परत येणार का. काम झाल्यावर क्वालिटीची पट्टी स्वतः बघा आणि खुणा करून घ्या. फ्री डिशला महिन्याचं भाडं किंवा रिचार्ज नाही. डिश आणि डब्याचा एकदाचा खर्च दोन हजारांच्या आसपास येतो. कुणी ‘वर्षाचं पॅकेज’ म्हणून फ्री डिशचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

मेकॅनिकला बोलावण्याआधी एकदा स्कॅन करा

अनेकदा छत्री ठीक असते आणि तक्रार ‘चॅनल गेला’ अशी असते. फ्री डिशवरच्या खासगी चॅनलच्या जागा प्रसार भारती ई-लिलावाने देते. त्यामुळे चॅनल येतात, जातात, जागा बदलतात. डब्याच्या मेनूत जाऊन ‘ऑटो स्कॅन’ केलं की नवी यादी येते. काही चॅनल एमपेग-4 प्रकारचे आहेत, ते जुन्या एमपेग-2 डब्यावर दिसतच नाहीत. तिथे छत्री कितीही हलवली तरी उपयोग नाही, डबा बदलावा लागतो.

वीज कडाडत असेल तर

विदर्भात अवकाळी आणि पावसाळी ढगांबरोबर विजा येतात. ढग गडगडत असताना छत्रीला हात लावायचा नाही, चित्र गेलं तरी. वादळ येण्याआधी टीव्ही आणि डब्याचा प्लग काढा, छत्रीची वायरही डब्यापासून सोडवा. वादळ सुरू झाल्यावर मात्र वायरला हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेतलं तर आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळते. छत्री घराच्या सगळ्यात उंच टोकावर न लावण्याचं हे आणखी एक कारण.

अपघात झालाच तर

पाइप तारेला लागून कुणाला शॉक बसला असेल तर त्याला किंवा पाइपला हात लावू नका. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही जातो. घरातल्या लाईनचा शॉक असेल तर आधी मेन स्विच बंद करा. खांबावरची लाईन असेल तर सगळ्यांना दूर ठेवा आणि महावितरणला कळवा. पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जा.

महावितरण : 1912, 19120, 1800-212-3435, 1800-233-3435. रुग्णवाहिका : 108. आपत्कालीन मदत : 112. घराला लागून किंवा छताच्या अगदी जवळून तार गेली असेल तर अपघाताची वाट न बघता महावितरणच्या याच क्रमांकांवर आजच तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.